आधी खराटा, मग पाइप

सकाळचे साडेसहा. धारा झाल्यात, कॅन डेअरीला गेलेत. बारा एचएफ गायींचा गोठा. गडी पाइप उचलतो आणि शेणाच्या पोवट्यांवर पाण्याची धार सोडतो. शेण विरघळतं, हिरवट पाणी कोब्यावरून नालीत, नालीतून बांधाच्या चरात आणि चरातून ओढ्यात जातं. चाळीस मिनिटांत गोठा लख्ख. मालक समाधानानं चहाला बसतो. ओढ्याच्या खालच्या अंगाला ग्रामपंचायतीची पाणीपुरवठ्याची विहीर आहे, हे त्याला ठाऊक असतं. पण ओढा वाहता आहे, पाणी पुढं जातं, अशी त्याची समजूत असते.

हे मी माझ्या मामांच्याच गोठ्यात वर्षानुवर्षं पाहिलं आहे. मामांना नावं ठेवायची नाहीत. गोठा स्वच्छ ठेवा, असंच सगळ्यांनी त्यांना सांगितलं होतं. गोठ्यातली घाण बाहेर गेल्यावर तिचं पुढं काय होतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. एका सुट्टीत मी पाइपाखाली पंधरा लिटरची बादली धरली आणि घड्याळ पाहिलं. बादली पंचवीस सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला ३६ लिटर. चाळीस मिनिटांचे १,४४० आणि सकाळ-संध्याकाळ मिळून २,८८० लिटर. गायीमागं रोज २४० लिटर! गाय पिते त्याच्या तिप्पट पाणी आपण तिच्या पायाखाली ओतत होतो. मामा म्हणाले, “लाइट बिल का वाढतंय ते आत्ता कळलं.” सुधारणा तिथून सुरू झाली. ओढ्याच्या काळजीपोटी झाली नाही, हे कबूल करायला हवं.

गोठ्याच्या सांडपाण्यावर बोलायचं म्हटलं की लोक लगेच विचारतात, “कुठला प्लँट बसवायचा?” माझं उत्तर ठरलेलं आहे. प्लँटचं नंतर बघू, आधी हे पाणी तयारच कमी करा. शेण कोरडं असेतो ते खत असतं. त्यात पाणी मिसळलं की त्याचा राडा होतो, आणि राड्याला वाहून न्यायला, साठवायला, शुद्ध करायला सगळ्यालाच पैसे लागतात.

कोरडं उचला

रीत साधी आहे. पाइपाला हात लावण्याआधी शेण फावड्यानं ओढून पाटीत भरायचं, उरलेलं खराट्यानं झाडून काढायचं. ओल्या जागी उसाचं पाचट, भुसा किंवा गव्हाणीतला उरलेला कडबा टाकायचा. तो मूत्र पितो आणि शेणाबरोबर खड्ड्यात जातो. मग शेवटी थोडं पाणी. पाइपाच्या टोकाला दाबाचं नोझल बसवलं तर आणखी बरं. मामांकडं झाडायला वीस मिनिटं आणि धुवायला आठ मिनिटं लागू लागली. वेळ पूर्वीपेक्षा कमी, आणि पाणी दोन्ही वेळचं मिळून पावणेसहाशे लिटरवर आलं. गड्यानं पहिले आठ दिवस कुरकुर केली. पाइप धरून उभं राहणं आणि खराटा मारणं यांत कुठलं काम सोपं, हे त्याला आपण शिकवायची गरज नव्हती. त्याला रोजच्या कामाचे पैसे थोडे वाढवून दिले, कुरकुर थांबली.

मुक्तसंचार गोठा असेल तर निम्मी लढाई आधीच जिंकलेली असते. मोकळ्या आवारातलं शेण उन्हात सुकतं, धुवावं लागत नाही; धुवायची ती फक्त धारेची आणि गव्हाणीजवळची जागा. मात्र हेच आवार पावसाळ्यात सगळ्यात मोठा धोका ठरतं. पहिल्या वळवानं चार महिन्यांचं साठलेलं सगळं एका रात्रीत ओढ्यात उतरतं. मे महिन्याच्या मध्यापर्यंत आवार खरवडून शेण खड्ड्यात टाका आणि वर पाचट पसरा. हे काम पुढं ढकललं की ते पाऊसच करतो.

पाऊस वेगळा, राडा वेगळा

गोठ्याचं छप्पर हजार चौरस फुटांचं असेल, तर एक इंच पावसाला त्यावरून सव्वादोन हजार लिटरच्या वर पाणी पडतं. हे पाणी स्वच्छ असतं. पण पागोळ्या जिथं पडतात तिथंच शेणाची नाली असते, आणि बघता बघता सव्वादोन हजार लिटर स्वच्छ पाण्याचं सव्वादोन हजार लिटर सांडपाणी होतं. छपराला पन्हळ लावा आणि तिचं तोंड गोठ्याच्या वरच्या अंगाला, स्वच्छ चरात किंवा टाकीत सोडा. वरच्या शेतातून गोठ्यात घुसणारं पाणी अडवायला उताराच्या वरच्या बाजूला आडवा चर काढा. उकिरड्यावर छप्पर घाला. पत्रे नसतील तर जुनी ताडपत्री चालते. उघड्या उकिरड्यातून पावसात जो काळा, चहासारखा रस झिरपतो, तो निव्वळ शेणापेक्षा ओढ्याला जास्त छळतो.

या कामाला खर्च सगळ्यात कमी आणि उपयोग सगळ्यात मोठा. तरीही पन्हळ लावलेले गोठे मी बोटांवर मोजण्याइतके पाहिलेत. का, ते मला आजवर समजलेलं नाही.

टाकी किती मोठी?

उरलेलं पाणी साठवावं लागतं, कारण पावसात ते शेतात घालता येत नाही. बारा गायींचा हिशेब धरू. धुण्याचं सुमारे ६०० लिटर आणि मूत्र दर गायीला रोज साधारण दहा लिटर म्हणजे १२० लिटर. दिवसाला ७२० लिटर. सलग पंधरा दिवस झड लागली तर १०,८०० लिटर. दहा फूट लांब, आठ फूट रुंद, पाच फूट खोल टाकीत ११,३०० लिटर मावतात. टाकीची तळ-भिंत प्लास्टर करून पक्की हवी आणि तोंडावर झाकण किंवा जाळी. लहान पोरं आणि वासरं दोन्ही टाकीत पडल्याच्या घटना गावोगाव ऐकायला मिळतात. आणि एक सूचना कोरून ठेवा: बंद टाकीत गाळ काढायला कुणालाही उतरवू नका. शेणाची टाकी ढवळली की हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू उसळतात, माणूस दोन श्वासांत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. गाळ वरूनच पंपानं काढायचा.

शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत मनरेगातून पक्का गोठा मिळत आला आहे, त्यात मूत्रसाठ्यासाठी २५० लिटरचं टाकं धरलेलं असतं. सहा जनावरांना ते चार दिवसांत भरतं. अनेक ठिकाणी हे टाकं मी मोकळं, किंवा त्यात भंगार भरलेलं पाहिलं आहे. मूत्र नालीवाटे बाहेरच चाललेलं असतं. टाकं बांधलंय तर नालीचं तोंड त्याकडं वळवा आणि चौथ्या दिवशी उपसा.

आता शोषखड्ड्याबद्दल. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे घेतले, उघडी गटारं बंद झाली, डास हटले, आणि राज्यभर त्याचं अनुकरण झालं. घरातल्या भांड्या-आंघोळीच्या पाण्याला ही रीत उत्तम. म्हणून लोक गोठ्याचं पाणीही शोषखड्ड्यात सोडतात. इथं थांबा. आपल्याकडं बहुतेक भागात खाली काळा पाषाण आहे. त्याच्या वर मुरूम, आणि कातळाला चिरा. मुरमातून आणि चिरांतून पाणी मातीत गाळल्यासारखं गाळलं जात नाही, ते सरळ घसरत खाली जातं आणि शेजारच्या विहिरीच्या झऱ्यात निघतं. घरच्या सांडपाण्यात नत्र थोडं असतं, मूत्रात कितीतरी पट. गोठ्याचा शोषखड्डा म्हणजे विहिरीला लावलेली सलाइनच.

विहिरीत काय पोचतं

मूत्रातलं नत्र जमिनीत नायट्रेट होतं. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडलेलं पाणी वरचं दूध कालवायला वापरलं, तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि बाळ निळं पडू लागतं. इथं एक गैरसमज फार पसरलेला आहे. पाणी उकळलं म्हणजे शुद्ध झालं, असं आपण म्हणतो. जंतूंच्या बाबतीत ते खरं आहे. नायट्रेट मात्र उकळून जात नाही, पाणी आटलं की उलट दाट होतं. टीसीएल पावडरीचाही त्यावर काही परिणाम नाही. घरात तान्हं बाळ असेल आणि विहीर गोठ्याजवळ असेल, तर आधी पाणी तपासून घ्या. गावचा जलसुरक्षक नमुने घेतो, तपासणी संच बहुतेक ग्रामपंचायतींत आहे. अहवाल मागितला की दाखवावा लागतो.

ओढ्याचं दुखणं वेगळं. तिथं शेण कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. किती प्राणवायू लागेल, याचं माप म्हणजे बीओडी. नदी-ओढ्यात सोडायच्या सांडपाण्याला सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम. गावच्या गटाराचं पाणी दोन-तीनशेच्या घरात असतं, गोठ्याचा दाट राडा दहा हजारांच्या वर. आणि दूध? सुमारे एक लाख. सडाच्या आजारातलं किंवा इंजेक्शन दिल्यामुळं डेअरीनं न घेतलेलं दूध आपण बेलाशक नालीत ओततो. त्या एका लिटरचा ओढ्यावरचा भार चारशे लिटर गटाराच्या पाण्याइतका असतो! असं दूध शेणखड्ड्यात पाचटावर ओता आणि वर माती टाका. गोबरगॅसमध्ये मात्र नको. प्रतिजैविकाचं दूध तिथल्या जिवाणूंनाच मारतं.

मुरघासाचं पाणीही याच जातीचं. मका फार ओला कापला की बॅगेच्या तळाशी आंबूस, तपकिरी रस साठतो आणि कुणीतरी बॅगेला भोक पाडून तो वाटेला लावतो. हा रस शेणाच्या राड्यापेक्षाही तीव्र असतो. दाणा अर्धा चिकाळ, अर्धा घट्ट झाल्यावर कापणी केली तर रस सुटतच नाही, आणि मुरघासही चांगला होतो. खुरांच्या पायधुणीचं मोरचुदाचं पाणी ओढ्यात कधीच सोडू नका; त्यातलं तांबं मासळीला फार थोड्या प्रमाणातही विष आहे.

ओढा बिघडला की नाही, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. सूर्य उगवायच्या सुमाराला काठावर जाऊन उभे राहा. रात्रभर वनस्पतीही प्राणवायूच घेतात, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. मासे तोंड वर काढून हवा गिळत असतील, दगडांना करडा, कापसासारखा बुळा लागला असेल, चिखलात लाल बारीक अळ्या वळवळत असतील, तर वरच्या अंगाला कुणाचा तरी गोठा आहे. बहुधा आपलाच.

शेतात कसं घालायचं

साठवलेलं पाणी हे खत आहे, हे तोंडानं सगळेच म्हणतात. आकडा मांडून बघू. दहा लिटर मूत्रात साधारण ८० ग्रॅम नत्र. वर्षाला एका गायीचं २९ किलो, म्हणजे ६३ किलो युरिया. ४५ किलोच्या पोत्यानं जवळजवळ दीड पोतं. बारा गायींची सतरा पोती. त्यातलं निम्मं नत्र अमोनिया होऊन हवेत गेलं असं धरलं, तरी आठ पोती दरवर्षी आपण ओढ्याला दान करतो आणि युरियासाठी कृषी सेवा केंद्रापुढं रांग लावतो.

घालताना तीन गोष्टी पाळा. जमीन वाफशावर असताना घाला. चिखलात घातलेलं वाहून जातं. पुढच्या दोन दिवसांत पावसाचा अंदाज असेल तर थांबा. आणि रोज एकाच सरीत सोडू नका. टाकीजवळची सरी सोयीची असते, म्हणून वर्षभर तिथंच पाइप पडलेला दिसतो; तिथली जमीन क्षारानं पांढरी पडते, ऊस नुसताच माजतो आणि आडवा होतो. शेताचे पाच-सहा भाग पाडा आणि पाळी लावा. पाटाच्या पाण्यात सोडताना एकाला दहा या प्रमाणात पातळ करा. ठिबकमधून द्यायचं तर आधी गाळण हवी, नाहीतर ड्रिपर आठवड्यात तुंबतात. विहीर, बोअर, ओढा यांच्यापासून निदान पन्नास फूट जागा मोकळी ठेवा. ओढ्याच्या कडेला नेपियरचा दहा-पंधरा फुटांचा पट्टा लावलात तर निसटलेलं नत्र ते गवत खातं आणि गवत तुमच्या गायी खातात.

गोबरगॅस जरूर करा. दोन घनमीटरच्या सयंत्राला रोज पन्नास किलो शेण आणि तितकंच पाणी लागतं, म्हणजे तीन-चार गायी पुरतात आणि घरचा गॅस निघतो. पण गोबरगॅस बसवला म्हणजे सांडपाण्याचा प्रश्न मिटला, ही समजूत काढून टाका. वायू होऊन जातो तो कर्ब. नत्र जवळपास सगळं स्लरीत उरतं. स्लरीचं तोंड ओढ्याकडं असेल, तर आपण विहिरीपुरतं काहीच केलेलं नाही.

शेत किती हवं, हा अवघड प्रश्न आहे, आणि आपल्याकडं तो कुणी विचारत नाही. युरोपीय संघानं १९९१ साली नायट्रेटविषयी निर्देश काढला. भूजल नासू लागलेल्या भागांत हेक्टरी वर्षाला जनावरांच्या खतातून १७० किलोपेक्षा जास्त नत्र घालायचं नाही, असं त्यात ठरलं. एकरी ते ६९ किलो होतं. शेण आणि मूत्र मिळून आपल्या संकरित गायीचं नत्र साधारण ५५ किलो धरलं, तर एकराला सव्वा गाय. बारा गायींना साडेनऊ-दहा एकर! तिकडची थंडी, तिकडची गवताळ कुरणं आणि आपला ऊस यांची तुलना सरळ होत नाही. आडसाली उसाला आपण हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस करतो. तरीही तीन एकरांत पंचवीस गायी असतील, तर हिशेब कुठल्याच देशाच्या मापानं बसणार नाही. अशा वेळी शेण वाळवून, कुजवून, पोत्यात भरून द्राक्ष-डाळिंबवाल्यांना विका. गायी वाढवताना कर्जाबरोबर जमिनीचाही हिशेब धरा.

कायदा काय म्हणतो

१९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम २४ सांगतं की, प्रदूषक द्रव्य जाणूनबुजून ओढ्यात, नदीत किंवा विहिरीत जाऊ देता येत नाही. त्यात पाच गायी की पन्नास, असा भेद नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० मध्ये दुग्धशाळा आणि गोशाळांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या, पुढच्या वर्षी त्या सुधारल्या. जागा कुठं असावी, शेण आणि सांडपाण्याचं काय करावं, हे त्यांत आहे. मोठा गोठा बांधायचा बेत असेल तर बांधकामाआधीच महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात जाऊन संमतीपत्राबद्दल लेखी विचारा. गोठा उभा राहिल्यावर नालीची दिशा बदलायला कोबा फोडावा लागतो.

नुसत्या कायद्यानं मात्र भागत नाही, हे मुंबईकडं बघून कळतं. दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातून निघते, तिथं ती नितळ असते. वस्तीत उतरली की तबेल्यांचं शेण तिच्यात मिसळतं. नोटिसा निघाल्या, तबेले शहराबाहेर नेण्याच्या चर्चा झाल्या, तरी शेण टाकायला जागाच नसेल तर ते नदीतच जाणार. खेड्यातल्या गोठेवाल्याजवळ निदान जागा आहे.

गावपातळीवर भांडण न करता काम होतं, असा माझा अनुभव आहे. वरच्या गोठ्याची तक्रार करण्याआधी दोन्ही घरच्या माणसांनी एकदा विहिरीच्या पाण्याचा अहवाल समोर ठेवून बसावं. दूध संस्थेच्या सभेत दर आणि फॅट यांच्या जोडीला हा विषय घ्या. संस्थेनं एक स्लरी टँकर घेतला आणि फेरीमागं भाडं लावलं, तर लहान गोठ्यांनाही टाकी उपसणं परवडतं.

हे सगळं एकदम जमणार नाही. पन्हळ या उन्हाळ्यात लावा, टाकी पुढच्या. खराट्याला मात्र मुहूर्त लागत नाही. उद्या सकाळी धारा झाल्यावर पाइपाखाली बादली धरा, सेकंद मोजा आणि आलेला आकडा गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा.